८० टक्के कशाचे?

'उंची ८० टक्के आनुवंशिक' हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ १७० सेंमीतले १३६ सेंमी जनुकांचे, असा नव्हे. ८० टक्के हा माणसामाणसांतल्या फरकाचा वाटा, तोही खाणंपिणं बऱ्यापैकी सारखं असलेल्या समाजातला.

उंचीचं एकच जनुक नसतं. २०२२च्या अभ्यासात सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएत उंचीशी संबंध असलेल्या १२,१११ जागा सापडल्या. त्यातल्या बहुतेकांचा परिणाम जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. अपवाद आहेत: पेरूमध्ये एफबीएन१ जनुकाचा एक प्रकार आढळतो, त्याची एक प्रत उंची सरासरी २.२ सेंमीने घटवते.

म्हणूनच लाळेच्या नमुन्यावरून मुलाची उंची सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांपासून जरा सांभाळून. त्या १२ हजार जागा मिळून युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्के फरक सांगतात, इतरांत १० ते २० टक्केच. कारण अभ्यासात युरोपीय वंशाचेच लोक फार जास्त होते.

फुकटातला हिशेब असा: आईवडिलांच्या सेंमीतल्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, मग निम्मे करा. वडील १७०, आई १५५ तर मुलगा १६९, मुलगी १५६. साडेआठ सेंमी इकडेतिकडे धरायचेच. चार वर्षांपुढचं मूल वयात येण्याआधीच वर्षाला पाच सेंमीहून कमी वाढत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना गाठा. थायरॉईडची रक्ततपासणी आणि हाडांचं वय कळायला हाताचा एक्स-रे आधी, मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (यात एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं) गुणसूत्रांची तपासणीही. उंची वाढवायच्या पावडरी राहू द्या.