रेस्क्यू म्हणजे सुटकाच ना?

परवापासून मी बायकोच्या मामांशी तुटक बोलतोय. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नाही, हा त्यातला खरा त्रास.

जुन्या मशीनवर ग्रब हा बूट लोडर, म्हणजे मशीन चालू होताच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उठवणारा प्रोग्राम, नव्याने बसवायचा होता. काम एका आज्ञेचं, पण ती मी दरवेळी चुकतो. म्हणून या खेपेला शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली, चांगली चाळीस ओळींची. शेल ही भाषा कुणी शुद्धीत असताना केली असेल असं मला वाटत नाही. 'इफ' मिटवायला 'एफआय', 'केस' मिटवायला 'ईएसएसी'. म्हणजे शब्द उलटा लिहिला की दार लागतं. मग 'डू'चं दार 'ओडी'ने लागायला हवं ना? छे, तिथे 'डन'. कारण 'ओडी' नावाची दुसरीच एक आज्ञा आधीपासून ठाण मांडून बसलेली. बरोबरच्या चिन्हाशेजारी मोकळी जागा सोडली तर चूक, चौकटी कंसाच्या आत नाही सोडली तर चूक. असो.

स्क्रिप्ट चालली. 'इन्स्टॉलेशन पूर्ण, एकही त्रुटी नाही' असं ग्रबने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मशीन रीस्टार्ट केलं, झकास उठलं. मी घरभर मिरवलो.

सकाळी काळा पडदा. वर काहीतरी चुकल्याचं सांगणारी एक ओळ, खाली 'ग्रब रेस्क्यू', पुढे काही नाही. मामा मागे येऊन उभे राहिले.

"जावईबापू, रेस्क्यू म्हणजे सुटकाच ना?"

"हो मामा."

"मग ते सुटका मागतंय की देतंय?"

याला उत्तर नव्हतं. त्या रेस्क्यूत मोजून चार आज्ञा चालतात. त्यातली कामाची एक, मॉड्यूल म्हणजे ग्रबचे सुटे भाग चढवणारी. ती दिली की तीच चूक पुन्हा छापून येते. याला सुटका म्हणायचं?

"बंद करून चालू करा."

"तीनदा केलं."

"तिन्ही वेळा नीट बंद झालं होतं?" मग खुर्ची ओढून बसले. "आमच्या ऑफिसात असं काही अडलं, की आम्ही सही करून वरच्या टेबलावर पाठवायचो."

"इथे वरचं टेबल नाही, मामा."

"तीच तर चूक आहे."

डिस्कच्या पहिल्या सेक्टरात, म्हणजे ग्रबची सुरुवात जिथे बसते त्या कप्प्यात, 512 बाइट असतात, त्यातले बूट कोडच्या वाट्याला 446. देवनागरीत लिहायचं तर जेमतेम दीडशे अक्षरं. मामांचा एक सल्लाही त्यात मावला नसता.

दुपारी उलगडा झाला. आदल्या दिवशी मामांनी फोटो दाखवायला आपला पेनड्राइव्ह मशीनला लावला होता आणि तो लागलेला असतानाच मी मशीन चालू केलं. 'एसडीए' हे नाव कुठल्या डिस्कला मिळेल याची लिनक्स हमी देत नाही. त्या दिवशी ते मिळालं पेनड्राइव्हला, आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये 'एसडीए'च लिहिलेलं. ग्रबची सुरुवात बसली मामांच्या पेनड्राइव्हवर, नवी मॉड्यूल गेली माझ्या डिस्कवर, आणि डिस्कच्या तोंडाशी राहिला जुना तुकडा, ज्याचं नव्या मॉड्यूलशी पटेना. पेनड्राइव्ह असेपर्यंत सगळं सुरळीत. रात्री मामांनी "आपली वस्तू आपल्या खिशात" म्हणत तो काढून घेतला. आणि म्हणे एकही त्रुटी नाही! अरे, ज्या डिस्कवर बसवलंस ती कुणाची, एवढं तरी विचार.

पेनड्राइव्ह मागावा लागला.

"म्हणजे माझ्या फोटोंशिवाय तुमचं यंत्र चालत नाही तर!"

फोटोंचा काही संबंध नाही, ग्रब फाइली ठेवायच्या पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसतो, हे मी दोनदा समजावलं. ते हसत राहिले. आधी सगळे फोटो फोनवर पाहून घ्यायचे, या अटीवर पेनड्राइव्ह मिळाला. मग मशीन सुरू केलं आणि खऱ्या डिस्कचं नाव देऊन एक ओळ चालवली. मिनिटभराचं काम. चाळीस ओळी पुसून टाकल्या.

मामा संध्याकाळी गेले. जाईपर्यंत भेटेल त्याला सांगत होते, जावयांचा कॉम्प्युटर माझ्या फोटोंवर चालतो.

आज त्यांचा फोन. पेनड्राइव्ह लावून त्यांनी घरचा कॉम्प्युटर चालू केला होता.

"जावईबापू, आमचंही आता सुटका म्हणतंय हो."

त्यांच्या पेनड्राइव्हवरचा ग्रब माझी डिस्क शोधत बसला होता. पेनड्राइव्ह उपसून पुन्हा चालू करा, एवढंच सांगायचं होतं.

"मामा, नीट बंद केलं होतंत ना?" मी विचारलं. "रविवारी येऊन बघतो."