कॉफी मागितली होती हो!

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर पावलोपावली कॅफे, पण धड कॉफी मिळेल तर शपथ! भिंतीवर चिकमगळूरच्या मळ्यांचे फोटो, फळ्यावर ‘अरेबिका’ हे कॉफीच्या उंची जातीचं नाव, आणि कपात? जळका काढा. अहो, पाणी ९० ते ९६ अंशांवर हवं, खळखळ उकळतं नव्हे! बिया कधी भाजल्या विचारलं की पोरगा मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर छताकडे. साखर नको सांगितलं तरी वर चॉकलेट सिरपची नक्षी असतेच. कोल्ड कॉफी म्हणजे तर आइस्क्रीम घातलेलं गोड दूध. (कॉलेजच्या पोरांना तेच आवडतं, मान्य.) त्यापेक्षा उडप्याकडची चिकोरीवाली (म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली) फिल्टर कॉफी बरी, चिकोरी आहे हे तो लपवत तरी नाही. आणि वर बिलात सर्व्हिस चार्ज! कसली सर्व्हिस? काउंटरवरून कप मीच उचलून आणला ना!