तीस पॉइंटचा सायकियाट्रिस्ट

डॉक्टर, एमडी होऊन बरीच वर्षं झाली असतील तर ज्ञान अपडेट ठेवा बरं का. अपडेट म्हणजे पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला तेवढं पुरतं, डोक्यात काय गेलं हे कोण विचारत बसलंय.

सीएमईची, म्हणजे ज्या लेक्चरांना बसून हे पॉइंट मिळतात त्यांची, पत्रिका आली की विषय नंतर बघायचा, आधी जेवण कुठल्या हॉटेलात आहे ते बघायचं. पांढरा रस्सा असेल तर बायपोलरवरचं लेक्चरपण चालतं. सकाळी एक सही, जेवणानंतर एक सही, मधल्या वेळात महाद्वार रोडला घरच्यांची खरेदी उरकते. दुपारचं सेशन झोपेच्या विकारांवर ठेवलं असेल तर फारच उत्तम, हॉलभर प्रात्यक्षिक चालू असतं.

बॅग, छत्री, डिनर सेटची आशा मात्र सोडा. औषध कंपन्यांच्या 2024 च्या मार्केटिंग कोडनं गिफ्ट बंद केलीत, डॉक्टरच्या फिरण्या-राहण्याचा खर्चही बंद. पण स्पीकरला त्यातनं सूट आहे! तेव्हा लगेच स्पीकर व्हा. स्लाइड एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, आणून देतोच, तुम्ही फक्त गोळीचं नाव नीट उच्चारायची प्रॅक्टिस करा.

वेबिनार तर त्याहून सोपं. ओपीडी चालू ठेवायची, मोबाईल टेबलाखाली, कॅमेरा बंद. विषय 'पेशंटचं ऐकून घेण्याचं कौशल्य'. समोर भुदरगडकडनं एसटीनं आलेली बाई सांगत असते की डॉक्टर, नवरा रात्रभर दार उघडून बघतोय, म्हणतोय बाहेर माणसं उभी हाईत, आधी देवऋषाकडं नेलं, त्यानं लिंबू उतरवलं, आता तो जेवणातबी विष हाय म्हणतोय... तुम्ही 'हं, हं' करत खाली पोलमध्ये पर्याय 'ब' दाबायचा. बरोबर आलं तर पॉइंट. बाई अजून बोलतच असली तर 'बरं, गोळ्या लिहून देतो' म्हणायचं.

नवीन वाचायचा नाद तर करूच नका. आजारांची जागतिक यादी, आयसीडी-11, जानेवारी 2022 पासून लागू झालीय म्हणे, असू दे की, तुम्हाला जुन्या आयसीडी-10 चे मानसिक आजारांचे एफवाले नंबर तोंडपाठ आहेत ना. अकरामध्ये ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलंय, पण एखादी ट्रान्स पोरगी केबिनमध्ये आली तर तुम्ही बिनधास्त जुना एफ 64 लिहा, पोरीचं काय व्हायचं ते होईल, फाईल तर पूर्ण होते. तसंच 2017 चा मानसिक आरोग्य कायदा. पेशंटनं आधीच लिहून ठेवायचं की मला कसे उपचार हवेत, कसे नकोत! असलं काही वाचलंत तर उद्या पेशंटला विचारावं लागेल. त्यापेक्षा त्याच्या भावाची सही घ्या, भाऊ समजूतदार असतो.

आणि एक धोका सांगून ठेवतो. अधनंमधनं एखादा खुळा सहकारी म्हणतो, महिन्यातनं एकदा आपण चारपाचजण बसूया, ज्याची केस फसली त्यानं नाव न घेता मोकळेपणानं सांगायचं, कुठलं लक्षण सुटलं, लिथियमच्या गोळ्या चालू असताना रक्तातली लेव्हल वेळेत का तपासली नाही, डोस का वाढवत गेलो. चहा स्वतःच्या खर्चानं, स्पॉन्सर नाही, सर्टिफिकेट नाही. नकोच ते, माणूस रात्रभर विचार करत बसतो अशानं. त्याला सरळ सांगायचं, अरे आलो असतो रे, पण नेमकं त्याच दिवशी सांगलीला सीएमई आहे, दोन पॉइंट आहेत.