आय म्हणजे आत्या

तिसऱ्या वर्षाला ड्रोन शिकवायचा विषय माझ्या गळ्यात पडला, कारण विभागप्रमुखांनी ‘कोण घेतंय?’ विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

पहिल्याच दिवशी मोटरीवर ‘१००० केव्ही’ वाचून एकाने हात मागे घेतला. हजार किलोव्होल्ट! बाबा रे, एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी ११.१ व्होल्टची आहे.

चारपैकी कर्णावरच्या दोन मोटरी घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरतात, उरलेल्या दोन उलट्या. नाहीतर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरेल. पंखेही त्याच हिशेबाने. फळ्यावर तीनदा काढलं. मैदानात थ्रॉटल देताच ड्रोन कोलांटी मारून पाठीवर पडला आणि हिरवळ कापू लागला. कार्यालयाबाहेरून मिळेल ती चप्पल घालून यावं, तसे पोरांनी पंखे बसवले होते. ‘बसले ना पण, सर!’ माळीकाकांनी उरलेल्या गवताकडे बोट दाखवून ‘तेवढंही उरकून घ्या’ म्हटलं.

मग पीआयडी, म्हणजे ड्रोनला सरळ ठेवणारं गणित. ड्रोन कलला की जायरो (कलणं ओळखणारा सेन्सर) कळवतो आणि सेकंदाला शेकडो वेळा हिशेब होऊन मोटरींचा वेग बदलतो. पी बघतो आत्ता किती कललाय, डी बघतो चूक किती झपाट्याने बदलतेय, आणि आय आजवरच्या चुकांची बेरीज धरून ठेवतो. समोर कोरे चेहरे. म्हणून म्हटलं, आय म्हणजे तुमची आत्या. लग्नात साडी हलकी दिली, हे ती विसरत नाही. वर्ग खदखदून हसला. चाचणीत एकोणीस जणांनी लिहिलं, ‘आय म्हणजे आत्या.’ दोनपैकी एक गुण दिला. शून्य द्यायला तोंड नव्हतं.

शेवटचं प्रात्यक्षिक प्राचार्यांसमोर. सुरक्षितता म्हणून ड्रोन दोरीने खुंट्यांना आवळून बांधला. प्राचार्यांचं मनोगत रंगलं, मोटरी सुरूच. जमीन उतरती, ड्रोनला सरळ व्हायचंय, दोरी होऊ देत नाही. तेवढा वेळ आय गुपचूप बेरीज वाढवत होता. बेरजेला मर्यादा घालायची ओळ प्रोग्राममध्ये राहून गेली होती (‘नंतर घालू’ म्हणणारा मीच). नारळ फुटला, दोरी सुटली आणि ड्रोन आडवा होऊन थेट कनातीत घुसला.

‘सर, आत्या भडकली!’ मागून सगळे ओरडले.

प्राचार्य लगबगीने उठले. ‘कोणाच्या आत्या आल्यात? अरे, खुर्ची द्या त्यांना.’