मातीच्या भांड्यांसमोरची ती पाटी

आमच्या सहा जणांच्या सिरॅमिक प्रदर्शनाचा परवा शेवटचा दिवस होता. दुपारी फारशी गर्दी नव्हती. एक बाई माझ्या वाडग्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, अलगद उलटा केला आणि बूड बघू लागल्या. तेवढ्यात गॅलरीतल्या माणसाने लांबूनच हटकलं, "हात लावू नका, पाटी वाचली नाही का?" बाई ओशाळल्या. वाडगा जागेवर ठेवून दोन मिनिटांत निघूनही गेल्या. मी चार पावलांवर होते आणि गप्प राहिले. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज लिहितेय.

त्या बाईंनी आधी बूड बघितलं, म्हणजे त्यांना भांड्यांतलं कळत होतं. ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा चकचकीत लेप, शेवटी काचच. भट्टीत ती वितळते, आणि बुडाला लागलेली असली तर भांडं फळीला कायमचं चिकटून बसतं. म्हणून बुडाची कडा कोरी ठेवावी लागते. तेवढ्याच जागेत भाजलेली माती उघडी दिसते, तिचा रंग आणि पोत दिसतो. चाकावरून भांडं तारेने कापल्याची खूण तिथे असते, किंवा नंतर उपडं घालून बूड तासलं असेल तर हत्याराच्या वळ्या असतात. ग्लेझ कडेच्या किती वर थांबलंय त्यावरून ते भट्टीत किती वाहिलं याचा अंदाज येतो. करणाऱ्याचा शिक्काही बहुतेक वेळा तिथेच. शोजी हामादांसारख्या नामवंत जपानी कुंभाराने तर पुढे भांड्यांवर सही करणंच सोडून दिलं होतं. असं भांडं काचेआडून किंवा दोरीपलीकडून कोणी काय ओळखणार?

आणि वजन? ते तर डोळ्यांना कळतच नाही. चाकावर भिंत वर ओढताना खालची माती खालीच राहून जाते, ही शिकाऊ हाताची नेहमीची अडचण. असं भांडं दिसायला हलकं वाटतं आणि उचललं की मनगटाला ओढ बसते. उलट चांगल्या हाताचा कप उचलताना वाटलं होतं तेवढाच जड लागतो. हे साधायला मला सात वर्षं लागली. पाटीमुळे नेमकं तेच बघणाऱ्यापर्यंत पोचत नाही. बोटाने वाजवून बघणंही तसंच. नीट भाजलेल्या, धड भांड्याचा आवाज खणखणीत येतो, कुठे बारीक तडा असला की बद्द.

ही पाटी आली चित्रांच्या आणि पुराणवस्तूंच्या दालनांतून. तिथे ती हवीच. कमी आचेवर भाजलेली जुनी सच्छिद्र माती हाताचं तेल शोषून घेते, डाग पडतात. भिंतीवरची नाजूक मांडणी किंवा कागदासारखं पातळ पोर्सलिन यांनाही कोणी हात लावू नये, हे मला मान्य आहे. पण 1200 अंश सेल्सियसच्या वर भाजलेलं, ग्लेझ केलेलं स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखं घट्ट भाजलेलं भांडं, रोजच्या वापरासाठीच केलेलं असतं. बघणाऱ्याच्या बोटांनी त्याचं काहीही बिघडत नाही.

राहता राहिली फुटण्याची भीती. ती खरी आहे, पण आम्हा कुंभारकाम करणाऱ्यांना फुटण्याचं नवल नाही. ओल्या मातीपासून शेवटच्या भाजणीपर्यंत स्टोनवेअर शेकडा दहा-बारा टक्के आक्रसतं. 573 अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते आणि ते एकदम फुगतं, थंड होताना त्याच टप्प्यावर पुन्हा आक्रसतं. तिथे घाई झाली की तडा गेलाच. महिनाभराच्या कामातली कितीतरी भांडी अशी माझ्या हातून गेली आहेत. प्रदर्शनात एखादं फुटलं तर नुकसान कोणी सोसायचं, एवढं आधी कागदावर लिहून घ्यावं. आज ते कोणी लिहीत नाही, आणि मग सगळ्यांच्याच वतीने पाटी लागते.

आता पाटीचा विषय निघालाच आहे तर भांड्याशेजारच्या चिठ्ठीबद्दलही. नाव, शीर्षक आणि खाली 'सिरॅमिक', झालं. चित्राखाली नुसतं 'रंग' लिहिलेलं चालेल का? ग्लेझमध्ये थोडंसं लोह असलं आणि भट्टीत प्राणवायू कमी ठेवला, तर सेलाडॉन नावाचं हिरवट-निळसर ग्लेझ मिळतं. तेवढंच लोह भरपूर हवेत भाजलं तर मधासारखी पिवळसर छटा येते. तांबं हवेत हिरवं होतं, हवा तोडली की लाल होऊ शकतं. कोणती माती, कोणती भट्टी, किती अंश, हवा कशी, या दोन ओळी लिहिल्या तर समोरच्याला दोन भांड्यांतला फरक बघता येईल. बघायला आलेल्या माणसाला हे समजणार नाही असं आपणच का ठरवून टाकतो?

ज्यांना दिसत नाही त्यांचं काय, हा प्रश्न आमच्या बैठकीत मी विचारला होता. उत्तर मिळालं नाही. ब्रिटिश म्युझियमच्या काही दालनांत टेबल मांडून, शेजारी माणूस बसवून खऱ्या जुन्या वस्तू लोकांच्या हातात देतात. तिथे जमतं, तर आम्ही गेल्या महिन्यात भाजलेल्या वाडग्यांना कसली अडचण?

पुढच्या प्रदर्शनासाठी मी लेखी कळवलंय. प्रत्येकाचं निदान एक भांडं हाताळायला ठेवावं. टेबल ठेंगणं असावं, त्यावर जाड कांबळं अंथरावं आणि आमच्यापैकी एकाने आळीपाळीने तिथे बसावं. पहिल्या पाळीला मी बसेन. माझा तोच वाडगा तिथे असेल, आणि फुटला तर नुकसान माझं, हेही त्या पत्रात लिहून दिलंय. त्या दिवशी आलेल्या बाई तुमच्या ओळखीच्या असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा.