शाल घ्या, खुर्ची सोडा

सकाळी गावच्या ग्रुपवर पत्रिका पडली. १५ ऑगस्टला माजी सैनिकांचा भव्य सत्कार. पहिलाच फोटो आमच्या नानांचा, छातीवर पदकं, खाली ‘गावची शान, कॅप्टनसाहेब’. निमंत्रक कोण? तीच मंडळी, जी डिसेंबर २०२२ मध्ये सरपंचाच्या निवडणुकीत नानांविरुद्ध वस्त्यावस्त्यांवर सांगत फिरली होती, “म्हातारा मिलिटरीतनं आलाय, त्याला माणसं कळत न्हाईत.” चहा तसाच निवला माझा.

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत साधे शिपाई म्हणून लागले, सुभेदार मेजर झाले, ऑनररी कॅप्टन होऊन घरी आले. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं तेव्हा गावानंच त्यांना उभं केलं. निवडूनही आले. पण ग्रामपंचायतीच्या बॉडीत, म्हणजे सदस्यांत, बहुमत दुसऱ्या पॅनेलचं! ज्यांना ही पद्धत फार आवडते त्यांनी आमच्या गावची एक मासिक सभा बसून बघावी.

मग आला २०१९ चा उन्हाळा. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात ज्यानं तो काढलाय त्याला काय सांगायचं. अख्खं गाव टँकरवर. कागदावर दिवसाला पाच खेपा, विहिरीत पडायच्या तीन. नानांनी दोनशे पानी वही घेतली आणि पहाटे पाचला विहिरीवर खुर्ची टाकून बसले. गाडीचा नंबर लिहायचा, वेळ लिहायची, टाकीत काठी बुडवून पाणी किती ते बघायचं, आणि खाली पाणी भरायला आलेल्या दोन बायकांच्या सह्या. सही येत नसेल तर अंगठा. आठ दिवसांत पाचच्या पाच खेपा पडायला लागल्या. ना मोर्चा, ना उपोषण.

टँकरवाला कुणाचा तरी मेहुणा होता. असतोच. त्या वहीनं नानांची सरपंचकी खाल्ली, हे मी कुणासमोरही सांगेन.

“फौजी माणसानं राजकारणात पडू नये” म्हणे. का नको? १९९१ ला राजापुरात लोकसभेला फौजेतून आलेल्या सुधीर सावंतांनी समाजवादी मधु दंडवत्यांना हरवलं, पाच वेळा निवडून आलेल्या दंडवत्यांना! तेव्हा कोकणाला फौजी चालला की. (आमच्या घरात त्या दिवशी दंडवत्यांसाठी हळहळ झाली होती, ते सोडा.) आपल्याला फौजी हवा असतो तो झेंड्याला सलामी द्यायला, पोरांपुढे भाषण करायला. त्यानं सभेचं प्रोसिडिंग बुक मागितलं, घरपट्टीची थकबाकी वाचून दाखवली, की तो लगेच ‘हेकट’. स्वतःची घरपट्टी माजी सैनिक म्हणून माफ होती, तरी नाना भरत होते आणि पावती मागून घेत होते. कशाला, विचारलं तर म्हणाले, “थकबाकी वाचताना आवाज मोठा निघतो.”

बरं, मान्य. गाव म्हणजे पलटण नव्हे. ग्रामसभा दहाची म्हणजे दहाला नाना दार ओढून घ्यायचे. मग कोरम भरायचा नाही आणि सभा तहकूब. एकदा एका म्हातारीला उशीर झाला म्हणून बाहेर उभं केलं, हेही खरं. माझी आई म्हणायची, भावजी बरोबर असतात, पण ते ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

पण त्याच म्हातारीचा अंगठा त्या वहीत आहे ना! वही अजून नानांच्या ट्रंकेत आहे, मी पाहिलीय. पानांना अजून ओल लागल्याचे डाग आहेत. तिनं त्यांना मत दिलं असेल का, हे मला कायम विचारावंसं वाटतं. धीर होत नाही.

निकालाच्या रात्री मी फोन केला तर नानाच मला समजावत होते. म्हणाले, “उत्तराखंडात २०१२ ला ‘खंडूरी है जरूरी’ म्हणून पक्ष लढला. खंडूरी मुख्यमंत्री, मेजर जनरल, आणि राज्य असं की घराघरात फौजी. तरी कोटद्वारला पडलेच. जनरल पडतो तिथं मी कोण?” आणि हसले. ते हसणं मला अजून नीट सहन होत नाही.

अकरा मतांनी पडले नाना. आमच्या घरची चार मतं पुण्यात होती. १८ डिसेंबरला रविवार होता, सुट्टीच होती. एका वास्तुशांतीचं जेवण होतं आणि आम्ही म्हणालो, नाना येतायतच निवडून. भावकीतल्या अजून दोन घरांनी तोच हिशेब केला. मी सकाळपासून त्या निमंत्रकांना शिव्या घालतोय खरा.

मघाशी फोन लावला. म्हटलं, नाना, जाऊ नका त्या सत्काराला. म्हणाले, “झेंडा आहे, न जाऊन कसं? शाल नको म्हणंन.” मग जरा थांबून, “तू येतोयस का? आठला आहे. म्हणजे पावणेआठला. सुट्टी आहे ना त्या दिवशी तुला?”