जन्मठेप चौदा वर्षांची असते?

व्हॉट्सॲपवर कायद्याचं ज्ञान वाटणारा एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षं. तुरुंगात दिवस वेगळा, रात्र वेगळी मोजतात, म्हणून खरी ७च. चौदा भरली की सरकारला सोडावंच लागतं. दोन जन्मठेपा म्हणजे २८.’ चार वाक्यं, चारही चुकीची.

दिवस-रात्रीचं गणित आधी निकालात काढू. असं कलम कुठल्याच कायद्यात नाही. चांगल्या वागणुकीबद्दल, कामाबद्दल शिक्षेत ‘माफी’ मिळते, तीही नियमात बसेल तेवढीच.

जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ सालीच सांगून टाकलंय. गांधीहत्या खटल्यातले गोपाळ गोडसे म्हणत होते, माफी धरून माझी २० वर्षं भरली, आता सोडा. वीसचा आकडा कायद्यात होता (दंड संहितेचं कलम ५७, आता न्याय संहितेचं कलम ६), पण त्याचं काम निराळं. जन्मठेपेच्या गुन्ह्याचा नुसता प्रयत्न केला तर निम्मी शिक्षा देता येते. आता आयुष्याचं निम्मं काढायचं कसं? म्हणून हिशेबापुरती वीस धरायची, निम्मी दहा. याचिका फेटाळली गेली. गोडसे १९६४ मध्ये सुटले.

मग चौदा आले कुठून? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७८ च्या दुरुस्तीतून. खुनासारख्या, फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकारने माफी देऊन सोडायचं नाही. तिच्या जागी आलेल्या आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४७५ हेच सांगतं. (राज्यपाल आणि राष्ट्रपतींचे अधिकार वेगळे.) चौदानंतर कैद्याला फार तर अर्जाचा विचार व्हावा असं म्हणता येतं. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवतात, गुन्हा किती क्रूर होता ते पाहतात, आणि सरकार ‘नाही’ म्हणू शकतं. गावात कोणी ‘जन्मठेपवाला’ दिसला की लोक म्हणतात, सुटला बघा! बरेचदा तो संचित रजेवर (कैद्याला मिळणाऱ्या थोड्या दिवसांच्या सुट्टीवर) आलेला असतो आणि ठरल्या तारखेला त्याला परत हजर व्हायचं असतं.

राहिल्या दोन जन्मठेपा. २०१६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की त्या एकामागोमाग भोगायला लावता येत नाहीत; माणसाला आयुष्य एकच. सावरकरांची ५० वर्षं इथे कुणी काढू नयेत, ती इंग्रजांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होती.